दिवाळीच्या पंगतीला 'फ्युनरल पोटॅटोज' : चीझ-बटाट्याचा ट्रे, २४ माणसांसाठी (मदत हवी)

मीठसरोवर

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीचं एकत्र जेवण आमच्याकडे, म्हणजे सॉल्ट लेक सिटीजवळ. दीर-जाऊ डेन्व्हरहून, नणंदेचं बिऱ्हाड फिनिक्सहून, सासूबाई-सासरे पुण्याहून आलेलेच आहेत, शिवाय इथली चार घरं. २४ पानं, त्यात नऊ पोरं. श्रीखंड-पुरी, मसालेभात, भरली वांगी ठरलंय. पोरं मात्र दरवर्षी एकच विचारतात, "तो बटाट्याचा ट्रे आहे ना?"

तो ट्रे म्हणजे इथले फ्युनरल पोटॅटोज. गोठवलेला बटाट्याचा कीस, सावर क्रीम, चेडर, डब्यातलं घट्ट सूप, वर बटरमध्ये घोळलेले कॉर्नफ्लेक्स, आणि सगळं ओव्हनमध्ये. माझं माप ९ x १३ इंची एका ट्रेचं: हॅश ब्राउनचा कीस ८५० ग्रॅम (३० औंसाची पिशवी), मशरूमच्या कंडेन्स्ड सूपचा एक डबा, सावर क्रीम २ कप, किसलेलं चेडर २ कप भरून, बटर ११५ ग्रॅम (अर्धं आत, अर्धं कॉर्नफ्लेक्सला), एक कांदा बारीक चिरून परतलेला. मी त्यात दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा चमचा जिरं घालते. शेजारणींना हे सांगत नाही, त्या विचारतात "यात काय वेगळं आहे?" आणि मी हसते. ३५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १८० सेल्सिअसला ४५-५० मिनिटं. वेगळं मीठ अजिबात नाही. सूप आणि चीझ दोन्ही खारट असतात, पहिल्या वर्षी मी सवयीने चमचाभर घातलं होतं आणि सगळे पाणी पीत बसले होते.

आता अडचण. गेल्या वेळी दुकानात कीस संपला होता, म्हणून घरचे बटाटे सोलून, कच्चेच किसून घातले. बाकी सगळं तेच. दीड तास ओव्हनमध्ये ठेवूनही बटाटा कचवट! वरचे कॉर्नफ्लेक्स काळे, खालचा कीस काकडीसारखा, आणि रंग राखाडी. सासूबाई म्हणाल्या, "बटाटेच वाईट असतील." बटाटे आयडाहोचे होते हो, त्यांना काय झालंय.

काय चुकलं? आणि दोन ट्रे एकाच ओव्हनमध्ये कसे सांभाळायचे?

गुळपोळी

थांबा थांबा. फ्युनरल?? दिवाळीला?? आधी नावाचं सांगा, बटाट्याचं नंतर बघू.

मीठसरोवर

@गुळपोळी, हा प्रश्न येणार माहीत होतं :)

युटामध्ये लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती पंथाची वस्ती मोठी. त्यांच्या चर्चमध्ये बायकांची संस्था आहे, रिलीफ सोसायटी, १८४२ सालापासूनची. कुणाच्या घरी मयत झालं की दफनानंतर घरच्यांना नि पाहुण्यांना जेवू घालणं हे या बायका अंगावर घेतात. हॅम, सॅलड, जेली आणि हा बटाट्याचा ट्रे. म्हणून नाव फ्युनरल पोटॅटोज. खरं तर ईस्टर, ख्रिसमस, बारसं, सगळीकडे असतो. २००२ साली इथे हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा आठवण म्हणून पिना निघाल्या होत्या, त्यात एक पीन या बटाट्यांची होती. लोक अजून जपून ठेवतात.

मी पहिल्यांदा खाल्ला तो मात्र खरोखरच मयताच्या जेवणाला. समोरच्या घरातले आजोबा गेले. आम्ही नवीन होतो, काय करायचं कळेना, नुसतेच जाऊन उभे राहिलो. एका बाईंनी हातात कागदी ताटली दिली. वर सोनेरी कुरकुरीत, आत मऊ, आंबटसर, गरम. त्या सकाळपासून आमच्या पोटात काही नव्हतं. मी दोनदा वाढून घेतलं आणि मग शरम वाटली.

सासूबाईंना नावाचा अर्थ कळला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर त्याला बटाटा-भाज म्हण. दुसरं नाव घरात घ्यायचं नाही." तेव्हापासून आमच्याकडे तेच नाव.

नाना_नारायणपेठ

बटाटा-भाज! सासूबाईंना नमस्कार सांगा.

यात विचित्र काही नाही. आपल्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. आमच्या गावाकडे सोयरे 'कडू घास' घेऊन येतात. फरक इतकाच, की पिठलं-भात आपण सणाला करत नाही. म्हणजे पिठलं एरवी करतो, पण 'ते' पिठलं वेगळं. माझी आई पिठलं आणि पांढरा भात एकत्र पानात वाढायची नाही, भाकरीच हवी. लहानपणी कारण कळायचं नाही.

थंडोबा_मिनेसोटा

हसून हसून पुरेवाट, बटाटा-भाज.

आमच्याकडे मिनेसोटात असल्या कशालाही 'हॉटडिश' म्हणतात. कॅसरोल म्हटलं की लोक ओळखतात, हा बाहेरचा. इथे वरून कॉर्नफ्लेक्सऐवजी टेटर टॉट्स, ते बटाट्याचे तळलेले गोळे, ओळीने लावतात. ते गोळे ओर-आयडा कंपनीने १९५३ मध्ये काढले, फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या तुकड्यांपासून. म्हणजे शिळ्या पोळीचा कुस्करा, अमेरिकन आवृत्ती.

एक इशारा. मूळ कृतीत बहुतेक वेळा क्रीम ऑफ चिकन सूप असतं. दिसत नाही, लागतही नाही फारसं. मी ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, असं जेवण) तीन वर्षं "बटाटा आहे, व्हेज आहे" म्हणून बिनधास्त हाणत होतो. चौथ्या वर्षी कृती विचारली. घरी अजून सांगितलेलं नाही. इथे खरं नाव नाही म्हणून लिहितोय.

कोपऱ्यातलं_टेबल

म्हणूनच आपला ट्रे आपण न्यावा. सूपच्या डब्यावर मशरूम किंवा सेलरी लिहिलं असलं तरी मागची यादी वाचा. सावर क्रीमच्या आणि दह्याच्या काही डब्यांत जिलेटिनही असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. शाकाहार कडक पाळणाऱ्यांनी चीझमधलं रेनेट (दूध साकळवायला घालतात ते, प्राण्याच्या पोटातूनही काढतात) बघा, चालणारं असेल तर व्हेजिटेबल किंवा मायक्रोबियल लिहिलेलं असतं. आणि वरून परमेजान भुरभुरवायची हौस असेल तर, अस्सल परमेजानमध्ये वासराचं रेनेट असतंच.

अर्धा_कप

मूळ प्रश्नाकडे कुणी वळेल का? :) मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते, म्हणून राहवत नाही.

मीठसरोवर ताई, बटाटे चांगलेच होते. तुम्ही कच्चा बटाटा आंबटात शिजवला.

बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. शिजताना ते पेक्टिन सुटं होतं आणि बटाटा मऊ पडतो. आंबट माध्यमात ते सुटंच होत नाही किंवा फार हळू होतं. सावर क्रीम आंबट, त्यात दोन कप. दीड तास काय, आणखी तासभर ठेवला असता तरी कचवटच राहिला असता.

हे आपल्या आज्या पेक्टिनचं नाव न घेता सांगायच्या. बटाट्याच्या रस्स्यात आमसूल कधी घालायचं? बटाटा शिजल्यावर. टोमॅटो आधी घातला तर फोड वरून रबरी, आत दातांना लागते. चिंच-गूळ शेवटी. तुमच्या सासूबाई रस्सा करताना हे नक्की पाळत असतील. ट्रे परदेशी म्हणून नियम आठवला नाही इतकंच.

मग पिशवीतला कीस कसा चालतो? गोठवण्याआधी कारखान्यात तो गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढलेला असतो. निम्मा शिजलेला. शिवाय त्या उष्णतेने बटाटा काळा पाडणारं एन्झाइम मरतं. तुमचा कच्चा कीस राखाडी झाला तो त्याच एन्झाइममुळे. बटाटा किसून ताटात ठेवला की दहा मिनिटांत तपकिरी होतो ना, तेच.

घरचे बटाटे वापरायचे तर आदल्या दिवशी सालासकट उकडा, पण पूर्ण नाही. सुरी शिरावी पण मध्यभागी किंचित अडावी, इतपत. सोलू नका. रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सोलून जाड किसणीवर किसा. थंड झाल्यावर आतला स्टार्च घट्ट बसतो, म्हणून कीस सुटा पडतो. गरम किसलात तर लगदा.

मीठसरोवर

आमसूल!! अहो रस्स्यात मी चाळीस वेळा पाळलंय हे. डोक्यातच आलं नाही.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणत होते?" (त्या बटाटे वाईट म्हणत होत्या. असो.)

चकलीचा_सोऱ्या

पुण्यातून विचारतोय. भाऊबीजेला सहा-सात जण आहोत. इथे हॅश ब्राउन म्हणून मिळतात त्या चपट्या टिक्क्या, कीस नाही. सावर क्रीम दूरच्या सुपरमार्केटमध्ये, छोटी डबी, सोन्याच्या भावात. डब्यातलं सूप नाही. ओव्हन म्हणजे २८ लिटरचा ओटीजी, ९ x १३ चा ट्रे आत जातच नाही. करावं की नाद सोडावा?

अर्धा_कप

करा की. निम्मं माप घ्या, ८ इंची चौकोनी भांड्यात बसतं.

सूपऐवजी घट्ट व्हाइट सॉस: दीड चमचा (पोह्याचा नाही, मोठा) बटर, तितकाच मैदा, पाऊण कप दूध. दोन-चार मशरूम परतून घातले तर उत्तम, नसतील तर मिरपूड आणि चिमूटभर जायफळ. सावर क्रीमऐवजी चक्का पाऊण कप आणि फ्रेश क्रीम पाव कप. चक्का फार आंबट नको. त्यात एक चमचा मैदा फेटून घ्या, नाहीतर ओव्हनमध्ये दही फुटतं आणि खाली पाणी साचतं. कढीला बेसन का लावतो? तेच.

चीझ साधं प्रोसेस्ड ब्लॉकचं घेतलंत तरी चालेल. त्यात इमल्सिफाय करणारे क्षार असतात, त्यामुळे तेल सुटत नाही, छान वितळतं. चव जरा सपक, म्हणून पाव चमचा मोहरीची पूड. चेडर मिळालं तर अर्धं-अर्धं.

कोपऱ्यातलं_टेबल

अमेरिकेतल्यांसाठी चीझबद्दल माझे दोन पैसे: पिशवीत किसलेलं मिळतं ते घेऊ नका. तुकडे चिकटू नयेत म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. वितळलं तरी सॉस किंचित रवाळ लागतो. ब्लॉक घ्या, पोरांना किसायला बसवा. निम्मं खातील हे गृहीत धरून जास्त घ्या.

वहिनीसाहेब_ठाणे

माफ करा, पण एवढं बटर, क्रीम, चीझ, वर कॉर्नफ्लेक्स? आपल्या बटाट्याच्या भाजीला काय धाड भरलीय? मोहरी-हिंगाची फोडणी, लिंबू, कोथिंबीर. दहा मिनिटांत तयार.

थंडोबा_मिनेसोटा

वहिनी, भाजी पण असणारच आहे. बटाटा दोनदा आला म्हणून कुणी पंगतीतून उठल्याचं ऐकलं नाही.

आणि बटाटाच मुळात पाहुणा. पोर्तुगीजांबरोबर आला, नावही त्यांचंच ठेवलं आपण. उत्तरेत आलू झाला, आपण मात्र बटाटाच म्हणत राहिलो.

नाना_नारायणपेठ

वहिनीसाहेबांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दहा मिनिटं कुणाची? २४ माणसं घरात आली की त्या दहा मिनिटांत यजमानीण गॅससमोर असते. पुऱ्या तळणारी तर शेवटपर्यंत पंगतीला बसत नाही. हा ट्रे आदल्या दिवशी भरून ठेवता येतो म्हणताय ना?

मीठसरोवर

नाना, नेमकं बोललात. मयताच्या जेवणाला हा पदार्थ का, त्याचं हेच कारण मला एका शेजारणीने सांगितलं. दफनविधी किती वेळ चालेल सांगता येत नाही. कुणी बोलतं, कुणी रडतं. जेवण थांबून राहिलं पाहिजे. पुरी थांबत नाही, हा ट्रे तासभर सुद्धा थांबतो. फॉइल लावून ठेवला तर गरमही राहतो.

आदल्या रात्री सगळं कालवून ट्रेमध्ये भरते, झाकून फ्रिजमध्ये. कॉर्नफ्लेक्स मात्र नाही. ते आधी घातले तर सादळतात, आणि सादळलेले कॉर्नफ्लेक्स म्हणजे ओला पुठ्ठा.

अर्धा_कप

दोन ट्रेचं राहिलंच. दोन वेगळ्या रॅकवर ठेवा, अर्ध्या वेळेत वरचा खाली, खालचा वर. भरलेला ओव्हन हळू चालतो, १५ मिनिटं जास्त धरा. फ्रिजमधून थेट गेला तर आणखी दहा. कॉर्नफ्लेक्स शेवटच्या २० मिनिटांना. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे झालं असं नाही, मध्यभागी सुरी खुपसून पात्याला हात लावा, चटका बसला पाहिजे. आणि दोन ट्रेचं मिश्रण एका खोल भांड्यात घालू नका, कडा जळतात आणि मधे गार गोळा राहतो.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. गप्पांच्या नादात टेबलावर रात्र काढतो तो ट्रे.

गुळपोळी

प्रश्न: उपासाला चालेल का? बटाटा आहे, दूधदुभतं आहे...

वहिनीसाहेब_ठाणे

मैदा? कॉर्नफ्लेक्स? कांदा? काय राहिलं उपासाचं?

गुळपोळी

मैद्याऐवजी वरीचं पीठ, वरून उपासाचा बटाट्याचा चिवडा. कांदा गाळला. चीझचं मात्र आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

वहिनीसाहेब_ठाणे

...बटाट्याचा चिवडा वरून? हे मात्र करून बघावंसं वाटतंय. आमच्यात याला उपास म्हणत नाहीत, पण करीन.

चकलीचा_सोऱ्या

रिपोर्ट. पहिला प्रयत्न: आपत्ती.

बटाटा नीट उकडला, किसला, चक्का-मैदा सगळं सांगितल्याप्रमाणे. रात्रभर फ्रिजमध्ये, काचेच्या भांड्यात. सकाळी ओटीजी तापवला, फ्रिजमधून काढलं आणि सरळ आत. चार मिनिटांत 'टण्ण' असा आवाज. भांड्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चीर, पांढरा सॉस खालच्या तापलेल्या कॉइलवर, धूर, शेजारच्या काकू दारात. भांडं बायकोच्या रुखवतातलं होतं. पुढचं लिहीत नाही.

दुसरा प्रयत्न अॅल्युमिनियमच्या केकच्या भांड्यात. उत्तम! फक्त चव गोड. चीझ नाही, बटाटाच गोड. वर तपकिरी डाग. असं का?

अर्धा_कप

अरेरे. थंड काच तापल्या ओव्हनमध्ये कधीच नाही. एकतर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवायची, किंवा धातूचं भांडं.

गोड बटाटा म्हणजे शीतगृहातला माल. फार थंडीत राहिला की बटाट्यातला स्टार्च साखरेत उतरतो. कच्चे बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवले तरी तेच होतं. (उकडलेला एक रात्र ठेवायला हरकत नाही, तो आता काही करू शकत नाही.) भाजीवाल्याला 'गोड नाही ना?' विचारा, त्याला बरोबर माहीत असतं.

नाना_नारायणपेठ

आमचा भाजीवाला 'तळेगाव' आणि 'इंदूर' असे दोन ढीग वेगळे ठेवतो. दोन्हीचे भाव सांगतो आणि मग माझ्याकडे बघतो, की हा माणूस घासाघीस कुठल्यावर करणार.

रुखवतातल्या भांड्याबद्दल सहवेदना. माझ्याकडून १९८६ मध्ये एक काचेचा जग फुटला होता. अजून विषय निघतो.

मीठसरोवर

धागा वर काढतेय. दिवाळी झाली.

दोन ट्रे केले. एकात पिशवीतला कीस, दुसऱ्यात घरचे बटाटे, अर्धा_कप यांच्या पद्धतीने, मुद्दाम. सासूबाईंनी बटाटे स्वतः उकडले. सुरी खुपसून "अडतेय, अडतेय, बास" म्हणत गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभं राहून दोघींनी किसले, लांब लांब पिवळसर धागे पडत होते, हाताला अजिबात चिकट नाही. त्या म्हणाल्या, हा कीस तुपावर जिरं घालून परतला तर? दोन मुठी तिथल्या तिथे परतून खाल्ला आम्ही, उभ्याउभ्या. म्हणून घरच्या बटाट्याचा ट्रे जरा कमी भरला.

पण तोच आधी संपला. कीस दातांखाली येतो, पिशवीतल्यासारखा विरून जात नाही. मी यापुढे घरचेच वापरणार, वेळ असेल तर. नसेल तर पिशवी, त्यात कमीपणा नाही.

एका ट्रेवर कॉर्नफ्लेक्स, दुसऱ्यावर जाऊबाईंनी आणलेला पातळ पोह्यांचा चिवडा चुरून, शेवटची १० मिनिटं. दाणे आणि खोबरं आधी वेचून काढले, नाहीतर करपतात. पोरांनी कॉर्नफ्लेक्सला मत दिलं, मोठ्यांनी चिवड्याला. कढीपत्त्याचं पान चीझमध्ये सापडलं की सासरे दाखवत होते सगळ्यांना.

पहिली पंगत पोरांची बसवली. दुसऱ्या पंगतीपर्यंत सव्वा तास गेला, ट्रे फॉइलखाली होता, गरमच. आणि नाना, दुसऱ्या पंगतीला मी बसले. पुऱ्या दिरांनी तळल्या. टम्म फुगल्या नाहीत, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

थंडोबा_मिनेसोटा

दिरांचा फोटो हवा होता.

चिवड्याची आयडिया चोरतोय. थँक्सगिव्हिंगला ऑफिसात नेणार, मशरूमचं सूप घालून. "यात काय वेगळं आहे?" विचारलं की हसायचं ना?

मीठसरोवर

हो. आणि शेंगदाणा वेचला नसेल तर हसायचं नाही, आधी सांगायचं. इथे दाण्याची अॅलर्जी असते लोकांना.

अवांतर: ट्रेच्या बुडाला मास्किंग टेपवर नाव लिहून चिकटवा, इथे सगळ्यांचे ट्रे सारखेच दिसतात. समोरच्या आजींचा एक ट्रे माझ्याकडे उन्हाळ्यापासून राहिलाय, नावाची चिठ्ठी अजून शाबूत. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला. काल त्यात चकल्या आणि बेसनाचे लाडू भरून दिला. आज सकाळी तोच ट्रे परत आमच्या दारात. आत लिंबाचे बार.

गुळपोळी

लिंबाच्या बारची कृती?

मीठसरोवर

वेगळा धागा काढते.